हिंदू आणि बौद्ध तत्त्वज्ञान: शब्द तेच, अर्थ वेगळे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कर्म, धर्म, ध्यान, समाधी, निर्वाण हे शब्द दोन्ही परंपरांत आहेत आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. शब्द ओळखीचा असला की अर्थही ओळखीचा असणार असं आपण धरून चालतो. म्हणून खाली प्रत्येक शब्दाचा त्या त्या परंपरेतला अर्थ दिला आहे आणि मूळ वचन कुठे सापडतं तेही शक्य तिथे सांगितलं आहे.

## दोन्हींतला मुळातला फरक कोणता?

'मी' म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर. उपनिषदांच्या मते शरीर, प्राण, मन, बुद्धी यांच्या पलीकडे न बदलणारा आत्मा आहे आणि तो जाणणं हीच मुक्ती. बुद्धांच्या मते शरीर-मनाचा एकेक भाग तपासला तरी न बदलणारं काहीच हाती लागत नाही आणि हे स्वतःच्या अनुभवात दिसणं हीच मुक्तीची वाट. कर्म, पुनर्जन्म, पूजा, ध्यान यांतले बाकीचे बहुतेक फरक इथूनच फुटतात. 'शेवटी सगळे एकच सांगतात' असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण याच एका प्रश्नावर दोन्हीकडचे आचार्य शतकानुशतकं वाद घालत राहिले, आणि भारतीय तर्कशास्त्राला धार आली ती बऱ्याच अंशी या वादातून.

## हिंदू असण्यासाठी नेमकं काय मानावं लागतं?

एक संस्थापक, एक ग्रंथ, एक शपथ असं इथे काही नाही. तरी चार गोष्टी जवळजवळ सगळीकडे आढळतात: वेदांबद्दल आदर, कर्माचं फळ मिळतं हा विश्वास, पुनर्जन्म, आणि त्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष.

ईश्वर मानलाच पाहिजे का? इथे अनेकांना आश्चर्य वाटतं. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त ही सहा 'आस्तिक' दर्शनं. त्यांपैकी सांख्यात 25 तत्त्वं मोजली आहेत, पण त्यांत जग निर्माण करणारा ईश्वर नाही. मीमांसकांनाही यज्ञाचं फळ द्यायला ईश्वर लागत नाही; कर्मातून निर्माण होणारी 'अपूर्व' नावाची अदृश्य शक्ती ते काम करते. तरीही ही दर्शनं आस्तिक, कारण दर्शनांच्या भाषेत आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा. 'नास्तिको वेदनिन्दकः' हे मनुस्मृतीतलं वचन (2.11) याच अर्थाचं आहे. बौद्ध, जैन आणि चार्वाक नास्तिक ठरले ते वेदप्रामाण्य नाकारल्यामुळे. आजच्या बोलण्यात नास्तिक म्हणजे देव न मानणारा. हे दोन अर्थ मिसळले की चर्चा पहिल्या वाक्यातच भरकटते.

## आत्मा आणि ब्रह्म यांचं नातं काय?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी मीठ दिसत नाही. वरचं पाणी चाखलं तर खारट, मधलं खारट, तळाचंही खारट. जे दिसत नाही पण सगळीकडे आहे ते सत्, म्हणजेच ब्रह्म, आणि 'तत्त्वमसि', ते तू आहेस. हे वाक्य त्या अध्यायात नऊ वेळा येतं, दर वेळी वेगळ्या दृष्टांतानंतर.

पण 'ते तू आहेस' याचा अर्थ काय, यावर वेदान्तातच फाटे फुटले. शंकराचार्यांच्या अद्वैतात जीव आणि ब्रह्म यांत खरा भेद नाहीच; भेद दिसतो तो अविद्येमुळे. रामानुजांच्या विशिष्टाद्वैतात जीव आणि जग हे ईश्वराचं शरीर. ते त्याच्याशिवाय असू शकत नाहीत, पण ते म्हणजे तोच असंही नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतात ईश्वर, जीव आणि जड यांच्यातला भेद कायमचा आणि खरा. म्हणून 'हिंदू धर्म म्हणतो की सगळं जग माया आहे' असं सरसकट विधान चुकीचं ठरतं. मायेचं ते रूप अद्वैताचं आहे; रामानुज आणि मध्व यांनी त्यावर कडाडून हल्ला केला.

## देव 33 कोटी की 33?

बृहदारण्यक उपनिषदात (3.9) शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? पहिलं उत्तर 3306. पुन्हा विचारल्यावर 33, मग 6, मग 3, मग 2, मग दीड आणि शेवटी 1. यातले 33 म्हणजे 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य, शिवाय इंद्र आणि प्रजापती. बाकीचा आकडा हा त्यांचाच महिमा, असं याज्ञवल्क्य सांगतो.

'कोटी म्हणजे प्रकार, म्हणून 33 प्रकारचे देव' हे स्पष्टीकरण सध्या फार फिरतं. 'कोटि' शब्दाला वर्ग हा अर्थ आहे हे खरं, पण या उपनिषदात 'कोटि' शब्दच येत नाही. तिथे सरळ 33 आहे. मुद्दा आकड्याचा नाहीच: प्रश्न जसजसा खोल जातो तसतसे अनेक एकात मिटत जातात, हे दाखवायचं आहे. ऋग्वेदातलं 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' (1.164.46) त्याच दिशेचं आहे.

## निर्गुण ब्रह्म मानायचं तर मूर्तीची पूजा कशाला?

पूजेचा क्रम नीट पाहिला की उत्तर सापडतं. षोडशोपचारांत आवाहन, आसन, पाय धुवायला पाद्य, हातावर अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प असे सोळा टप्पे आहेत. शेवटच्या काहींचा क्रम संप्रदायागणिक थोडा बदलतो. हा दारी आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार आहे. ज्याला नाव-रूप नाही त्याच्याशी मनाला नातं जोडता यावं म्हणून घातलेली ही घडी. वेळ नसेल तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार पुरतात, आणि तेही जमलं नाही तर मानसपूजा. पार्थिव (मातीच्या) मूर्तीत आधी प्राणप्रतिष्ठा आणि शेवटी विसर्जन का, तेही यातून कळतं: माती हे तात्पुरतं आसन आहे.

## चार आर्यसत्यं कोणती?

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते म्हणजे तण्हा (तृष्णा), तृष्णा संपली की दुःख संपतं, आणि ती संपवण्याचा मार्ग आहे. इतकं बहुतेकांना माहीत असतं. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात, धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, यापुढचं जे सांगितलं आहे ते मात्र सहसा गाळलं जातं: प्रत्येक सत्याबरोबर एक काम दिलं आहे. दुःख पूर्ण जाणायचं, तृष्णा सोडायची, निरोध (दुःखाचं थांबणं) स्वतः अनुभवायचा आणि मार्ग जोपासायचा. सत्य कळणं, त्याबाबतचं काम कळणं, ते काम पुरं होणं असे तीन फेरे चार सत्यांना लावले की बारा आकार होतात.

चूक कुठे होते? आपण दुःखच ढकलून द्यायला जातो आणि तृष्णा मात्र सांभाळून ठेवतो, म्हणजे पहिल्या सत्याचं काम दुसऱ्याशी अदलाबदल करतो. दुःखाला पाहायचं असतं. सोडायची असते ती तृष्णा.

'दुःख' या शब्दाचा आवाकाही मोठा आहे. दुखणं, शोक हे दुक्ख-दुक्ख. सुख बदलून जातं ते विपरिणाम-दुक्ख. आणि जे जे अनेक कारणांच्या जुळणीतून उभं आहे ते भरवशाचं नाही, हे संखार-दुक्ख. म्हणून 'बुद्ध निराशावादी होते' हा आक्षेप टिकत नाही. रोग, रोगाचं कारण, बरं होण्याची शक्यता आणि उपचार सांगणाऱ्याला कोणी निराशावादी म्हणत नाही.

## अष्टांगिक मार्गाच्या आठ पायऱ्या एकामागून एक चढायच्या का?

पायऱ्या म्हणूच नयेत; ती अंगं आहेत आणि एकमेकांना आधार देत एकत्र वाढतात. त्यांचे तीन गट पडतात. सम्यक वाणी, सम्यक कर्म, सम्यक आजीविका हे शील. सम्यक व्यायाम, सम्यक स्मृती, सम्यक समाधी ही समाधी. सम्यक दृष्टी आणि सम्यक संकल्प ही प्रज्ञा. इथे 'व्यायाम' म्हणजे कसरत नव्हे, प्रयत्न: अजून न उपजलेलं अकुशल उपजू न देणं, उपजलेलं सोडणं, कुशल उपजवणं आणि उपजलेलं टिकवणं.

वाणीचेही चार तपशील आहेत. खोटं, चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड, चारही टाळायची. आजीविकेसाठी अंगुत्तर निकायात (बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात) उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रं, सजीव प्राणी (यात माणसांची खरेदी-विक्रीही आली), मांस, मादक पदार्थ आणि विष.

## आत्मा नाही, मग पुनर्जन्म कोणाचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर तीन टप्प्यांत द्यावं लागतं.

पहिला टप्पा: 'आत्मा नाही' म्हणजे काय नाकारलं आहे? अनत्तलक्खण सुत्तात व्यक्तीचे पाच स्कंध केले आहेत: रूप (शरीर), वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. युक्तिवाद साधा आहे. शरीर खरोखर 'माझं', माझ्या सत्तेखालचं असतं तर 'असं हो, असं होऊ नकोस' असं त्याला बजावता आलं असतं. तसं होत नाही. मनाच्या चारही स्कंधांचं तेच. जे बदलतं आणि ऐकत नाही त्याला 'हा मी, हा माझा आत्मा' कसं म्हणणार? इथे व्यवहारातली व्यक्ती नाकारलेली नाही. नाकारला आहे तो तिच्या आतला कायमचा मालक. 'वेदना' शब्दही जपून वाचावा. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत सुखद, दुःखद किंवा यांपैकी काहीच नसलेली, अशी कोणतीही संवेदना.

दुसरा टप्पा: मग पुढे काय जातं? मिलिंदपञ्ह या पाली संवादग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकही म्हणता येत नाही आणि वेगळीही. एका ज्योतीच्या आधारानं दुसरी पेटते, तसं एका क्षणाच्या आधारानं पुढचा क्षण, आणि एका जन्माच्या आधारानं पुढचा. जाणारा कोणी नाही, कार्यकारणाची साखळी आहे. तीच प्रतीत्यसमुत्पादाची बारा अंगं: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती, जरामरण. यातली 'जाती' म्हणजे जन्म. साधकासाठी या साखळीत मोक्याची जागा एकच, वेदना आणि तृष्णा यांच्या मधली. संवेदना येणारच, तिच्यामागून 'हवं' किंवा 'नको' उठायलाच हवं असं नाही. ध्यानाचा सगळा भर या फटीवर आहे.

तिसरा टप्पा: यावर आक्षेप काय? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात बौद्ध मतांचं खंडन करताना स्मरणाचा मुद्दा घेतला (2.2.25, 'अनुस्मृतेश्च'). 'काल ज्यानं पाहिलं तोच मी आज आठवतो आहे' असं आपल्याला वाटतं. पाहणारा आणि आठवणारा निरनिराळे क्षण असतील तर ही ओळख पटेल कशी? बौद्धांचं उत्तर असं की मागचा क्षण आपला ठसा पुढच्याला देतो आणि त्या सलग प्रवाहालाच आपण 'तोच मी' म्हणतो. आक्षेप आणि उत्तर शेजारी ठेवून वाचावं. एकच बाजू वाचली तर दुसरी भोळसट वाटते, आणि भोळसट यातली कोणतीच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते एका व्यक्तीचा आत्मा दुसऱ्या देहात जातो, हा बुद्धांचा विचार असू शकत नाही. मृत्यूनंतर शरीरातली मूलतत्त्वं निसर्गात मिसळतात आणि पुन्हा नव्या जुळणीत येतात, एवढ्याच अर्थानं पुनर्भव. थेरवादी (पाली त्रिपिटक मानणारे) भिक्खू ही मांडणी मान्य करत नाहीत. पण नवयानी, म्हणजे डॉ. आंबेडकरांची मांडणी मानणाऱ्या बौद्धांशी बोलताना 'तुम्ही तर पुनर्जन्म मानता' असं गृहीत धरणं चूक आहे.

## 'मागच्या जन्मीचं कर्म' हे दोघेही मानतात ना?

हिंदू विचारात कर्माचे तीन साठे सांगतात. संचित म्हणजे जन्मोजन्मीची शिल्लक, प्रारब्ध म्हणजे त्यातला या जन्मी फळ द्यायला लागलेला भाग, आणि क्रियमाण म्हणजे आता करत असलेलं. ज्ञानानं संचित जळतं, क्रियमाण चिकटत नाही. प्रारब्ध मात्र धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं, भोगूनच संपतं. गीतेचा कर्मयोग इथे येतो: कर्म सोडता येत नाही, फळावरचा हक्क सोडता येतो (2.47).

बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना, हेतू. 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि' हे अंगुत्तर निकायातलं वचन. नकळत पायाखाली मुंगी चिरडली तर प्राणिहत्येचं कर्म घडत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. कोणी आजारी, गरीब किंवा पीडित दिसला की 'त्याचे भोग' म्हणून मोकळं होण्याची सवय. संयुत्त निकायातल्या सीवक सुत्तात बुद्ध याच समजुतीला हात घालतात. सुख-दुःखाच्या संवेदनांची आठ कारणं ते मोजतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा मेळ, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. जे काही भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मानंच, असं म्हणणारे स्वतःला कळलेल्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातात, असं ते स्पष्ट सांगतात. हिंदू परंपरेतही कर्मसिद्धांत क्रियमाणावर, म्हणजे आजच्या जबाबदारीवर बोट ठेवतो. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडायला तो वापरणं हा गैरवापर आहे आणि त्यानं पिढ्यान्‌पिढ्या माणसांचं नुकसान झालं आहे.

## मोक्ष आणि निर्वाण एकच का?

दोन्हीकडे जन्ममृत्यूचा फेरा थांबतो, एवढं समान. पुढे वाटा वेगळ्या होतात. अद्वैतात मोक्ष म्हणजे नवं काही मिळणं नाही, आपण ब्रह्मच होतो हे कळणं. रामानुजांच्या भक्ताला वैकुंठात ईश्वराचा सहवास आणि सेवा. सांख्य-योगात कैवल्य, म्हणजे पुरुष प्रकृतीपासून अलग होऊन स्वतःत राहणं. निर्वाणाचा अर्थ विझणं. लोभ, द्वेष, मोह ही तीन आगी विझणं. ते जिवंतपणीच होतं. बुद्धांना ते 35व्या वर्षी बोधगयेला मिळालं आणि पुढे 45 वर्षं ते शिकवत हिंडले. 80व्या वर्षी कुशीनगरला झालं ते परिनिर्वाण.

'निर्वाण म्हणजे शून्यात नाहीसं होणं' ही समजूत चुकीची आहे. वच्छगोत्त परिव्राजक विचारतो, मुक्त झालेला मृत्यूनंतर कुठे जातो? बुद्ध उलट विचारतात, विझलेली आग कोणत्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? प्रश्नच लागू पडत नाही (मज्झिम निकाय, 72वं सुत्त). गीतेत 'ब्रह्मनिर्वाण' शब्द आहे (2.72, 5.24), तिथे अर्थ ब्रह्मात शांत होणं. शब्द दिसला म्हणून गीता बौद्ध होत नाही आणि बुद्ध वेदान्ती होत नाहीत.

## ईश्वराबद्दल बुद्ध गप्प राहिले, हे खरं का?

नाही. ज्या दहा प्रश्नांना त्यांनी उत्तर दिलं नाही ती यादी ठरलेली आहे: जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे, आणि तथागत (बुद्ध) मृत्यूनंतर असतो, नसतो, असतोही-नसतोही, की दोन्ही नाही. यात ईश्वर नाहीच. मालुंक्यपुत्त या भिक्खूला दिलेला विषारी बाणाचा दृष्टांत या दहा प्रश्नांबद्दल आहे: बाण कोणी मारला, त्याचं गोत्र काय, धनुष्य कोणतं हे कळेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरून जाईल.

जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पना सुत्तांमध्ये उघडपणे नाकारली आहे. ब्रह्मजाल सुत्तात ब्रह्मदेवाला 'मीच कर्ता' असं का वाटू लागलं, याची कारणमीमांसा दिली आहे. देव आहेत, पण तेही जन्म-मरणाच्या फेऱ्यातले, आयुष्य संपलं की खाली येणारे.

## बुद्ध विष्णूचे नववे अवतार आहेत का?

पुराणांत आणि जयदेवाच्या गीतगोविंदात तसं आहे. आपल्याकडच्या काही दशावतारी चित्रांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो, तो याच 'बौद्ध' अवताराच्या जागी. पाली साहित्यात याला आधार नाही आणि बौद्धांना हे मान्य नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये ही समजूत स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. आदर दाखवायच्या हेतूनं कोणी हे वाक्य बोलत असेल, पण ऐकणाऱ्या बौद्धाला ते आपली स्वतंत्र ओळख पुसणारं वाटतं. न बोललेलं बरं.

## पंचशील म्हणजे पाच आज्ञा का?

'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' याचा शब्दशः अर्थ: प्राणिहत्येपासून दूर राहण्याचा नियम मी शिकण्यासाठी स्वीकारतो. आज्ञा देणारा कोणी नाही. आधी त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं) तीनदा म्हणायचं (दुसऱ्यांदा 'दुतियम्पि', तिसऱ्यांदा 'ततियम्पि' लावून), मग पाच शीलं: हत्या, न दिलेलं घेणं, कामवासनेतला दुराचार, खोटं बोलणं आणि बेसावध करणारी नशा, यांपासून विरती.

शील केव्हा मोडतं याचे निकष अट्ठकथांत (पाली ग्रंथांवरच्या टीकांत) दिले आहेत. हत्येसाठी पाच गोष्टी जुळाव्या लागतात: प्राणी जिवंत असणं, तो जिवंत आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा हेतू, प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. खोट्यासाठी चार: गोष्ट खरी नसणं, फसवण्याचा हेतू, तसा प्रयत्न आणि समोरच्याला ते कळणं. शील मोडलं तर चूक मान्य करून पुन्हा ग्रहण करायचं. एकदा मोडलं म्हणून सगळंच सोडून देणारे बरेच असतात. तशी गरज नाही.

योगसूत्रातले पाच यम शेजारी ठेवले (अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह) तर पहिली चार शीलं जवळपास जुळतात. पाचव्या जागी पंचशीलात नशा आहे, योगसूत्रात साठवणूक.

## बौद्ध म्हणजे शाकाहारी?

बंधन नाही. विनयात (भिक्खूंच्या नियमग्रंथात) भिक्खूला तीन अटींवर मांस चालतं: आपल्यासाठी मारलं हे पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका आलेली नसावी. महायानातल्या लंकावतार सूत्रात मात्र मांसाहाराचा स्पष्ट निषेध आहे. हिंदूंमध्येही संप्रदायागणिक नियम वेगळे आहेत.

## ध्यानात दोन्ही परंपरा वेगळं काय करतात?

पतंजलींच्या योगात यम-नियमांपासून समाधीपर्यंत आठ अंगं आहेत आणि प्राणायामात श्वासाला वळण द्यायचं असतं. आनापानसतीत, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या बौद्ध ध्यानात, श्वासाला हातही लावायचा नाही. लांब आहे तर लांब, आखूड आहे तर आखूड, फक्त जाणायचं. हिचे 16 टप्पे आहेत: चार शरीराचे, चार वेदनांचे, चार चित्ताचे, चार धम्माचे. नवशिके श्वास 'चांगला' करायला जातात, छाती जड होते, डोकं दुखतं. तसं झालं की लक्ष सैल सोडावं. वीणेची तार फार ताणली तरी बेसूर आणि फार सैल सोडली तरी बेसूर, असं बुद्धांनी सोण भिक्खूला सांगितलं होतं ते याच कारणासाठी.

झोप येणं ही दुसरी नेहमीची अडचण. बुद्धांनी मोग्गल्लान या शिष्याला दिलेले उपाय आजही जसेच्या तसे चालतात: ज्या विचारात पेंग आली तो बदला; ऐकलेला धम्म आठवा; तो मोठ्यानं म्हणा; कानाच्या पाळ्या ओढा, अंग चोळा; उठून डोळ्यांवर पाणी मारा आणि आकाशाकडे पाहा; मनात उजेड आणा; चालत ध्यान करा. इतकं करूनही जमलं नाही तर जागं होण्याचा निश्चय करून उजव्या कुशीवर झोपा.

मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चौघं मात्र योगसूत्रातही आहेत (1.33) आणि बौद्ध ब्रह्मविहारांतही. इथे 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समतोल.

## जातीबद्दल दोन्ही परंपरा काय म्हणतात?

ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात (10.90) चार वर्ण येतात. गीता 'गुणकर्मविभागशः' म्हणते (4.13). धर्मशास्त्रांनी मात्र वर्ण जन्माला बांधला आणि त्यावरून अधिकार, दंड, शिक्षण ठरवलं. ही वस्तुस्थिती गीतेचा श्लोक पुढे करून झाकता येत नाही. याच परंपरेतल्या संतांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, हेही तितकंच खरं.

वसल सुत्तात बुद्ध म्हणतात की जन्मानं कोणी हीन होत नाही, जन्मानं कोणी ब्राह्मण होत नाही. माणूस तसा ठरतो कर्मानं. हे 'कर्म' पूर्वजन्मीचं नाही, आजचं वागणं आहे. संघात ते अमलातही आलं. शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा दिली गेली. संघात आधी आलेल्याला वंदन करायचं असल्यामुळे राजपुत्रांना उपालीपुढे वाकावं लागलं. तसं व्हावं म्हणून राजपुत्रांनी स्वतःच ते मागितलं होतं.

## थेरवाद, महायान, वज्रयान, नवयान यांत काय फरक?

थेरवाद पाली त्रिपिटकावर (विनय, सुत्त, अभिधम्म) उभा आहे आणि त्याचा आदर्श अर्हत, म्हणजे तृष्णा संपवून मुक्त झालेला. महायानाचा आदर्श बोधिसत्त्व, जो सर्वांच्या मुक्तीसाठी दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा या सहा पारमिता पुऱ्या करतो. नागार्जुनाची शून्यता इथली. तिचा अर्थ 'काहीच नाही' असा घेऊ नये. जे परावलंबनानं उपजतं त्यालाच शून्य म्हटलं आहे. वज्रयान महायानाच्या पायावर मंत्र, मंडल आणि गुरुदीक्षेची साधना उभारतं. नवयान ही डॉ. आंबेडकरांची मांडणी, त्यात समता, बुद्धिनिष्ठा आणि समाजाची पुनर्रचना केंद्रस्थानी आहे.

## दोन्ही परंपरा एकाच वेळी पाळता येतात का?

नेपाळमधल्या नेवार समाजात अनेक कुटुंबं दोन्हीकडची देवळं, दोन्हीकडचे सण पाळतात. श्रीलंकेत बुद्धविहाराच्या आवारात विष्णूचं देवालय दिसतं. योगासनं करणारा विपश्यनेला बसू शकतो, गीता वाचणारा धम्मपदाच्या 423 गाथाही वाचू शकतो. त्याला कोणत्याच परंपरेची हरकत नाही. पण ज्यांनी 22 प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्यांनी ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची उपासना न करण्याचं आणि श्राद्धपक्ष न करण्याचं वचन दिलेलं असतं. त्यांना आरतीला थांबण्याचा किंवा पिंडदानाला बसण्याचा आग्रह करू नये.